बांधावरचा दगड

वत्सलाबाईचा नवरा धोंडीराम झेंडूची पोती सायकलीवर लादून मळ्यातून नाशकाच्या फुलबाजारात जायचा. रस्त्याला सायकलीपुरतीही कड नव्हती. एका पहाटे मागून आलेल्या टँकरनं त्याला चिरडलं. तेरावं झाल्यावर बाईनं शेताच्या बांधावरचा दगड डोक्यावरून आणला, नवरा पडला तिथं कडेला रोवला आणि शेंदूर फासला. माणसाला बघून कोणी गाडी हळू करत नाही, देवाला तरी भितील, एवढाच तिचा विचार.

तसंच झालं. रिक्षावाले वेग कमी करून हात जोडू लागले. मग नारळ फुटले, ओटा झाला, वर पत्रा आला. जवळच्या वस्तीतला पुढारी मल्हारी, त्यानं मंडळ काढलं. बाई तिथंच हार ओवत बसायची. त्या जागी पुन्हा कोणी मेलं नाही, यातच तिचं समाधान.

पुढं शहर तिथवर आलं. रस्ता रुंद झाला, कडेनं सायकलींसाठी हिरवा पट्टा रंगवला. पट्टा ओट्यापाशी येऊन थांबला, ओट्यापलीकडून पुन्हा सुरू झाला. देवाला हात कोण लावणार? सायकलवाल्यांनी तेवढ्यापुरतं गाड्यांमध्ये उतरायचं.

सायकलीवर शाळेला निघालेली दिशा, समोरच्या बिल्डिंगमधली पोर, तशीच गाड्यांमध्ये उतरली. मागून बस आली. फुलांवर झाकलेलं ओलं फडकं वत्सलाबाईनं काढलं आणि पोरीवर टाकलं.

दगड मी आणला, मला हलवू द्या, असं तिनं मल्हारीला सांगितलं.

"आक्का, तुमचा व्हता तवा दगड व्हता. आता देव हाय."

"कशाचा देव रं? आमी त्याच्यावर विळे घासायचो."

म्हातारीचं डोकं फिरलंय, असं तो मंडळात सांगत सुटला. तिनं घरून पहार आणली, तर मंडळाच्या पोरांनी हिसकावून घेतली. देव कोपेल म्हणून सून शुभांगीनं पाय धरले.

आता शाळेच्या वेळेला वत्सलाबाई फुलांची पाटी घेऊन ओट्यासमोर ऐन डांबरावर उभी राहते. गाड्या शिव्या घालत तिला वळसा देतात आणि तिच्या आतल्या अंगानं सायकली निघून जातात. दर्शनाला आलेल्यांना मल्हारी सांगतो, लय जुनी सेवेकरी हाय.

दगडाकडं तिची पाठ असते. शुभांगीला तिनं एकच बजावून ठेवलंय.

"मी हितं गेले, तर माझ्या नावानं काय बी रोवू नको."