खिडकीपाशी

यकृताच्या तपासणीसाठी आम्ही ज्या दालनात बसतो, तिथे एकच खिडकी आहे. आज तिच्या उजेडात एका बाईंनी आपल्या नवऱ्याला उभे केले आणि अंगठ्याने त्याची खालची पापणी अलगद ओढली.

"वर बघा जरा. कालच्यापेक्षा पिवळेपणा कमी वाटतोय."

"कालही हेच म्हणालीस. अशाने मी परवाच बरा व्हायला हवा होतो!"

त्या हसल्या, पण पापणी काही सोडली नाही.

नव्या औषधाच्या ज्या चाचणीत तो आहे, तिच्यातच माझे यजमानही आहेत. निम्म्या रुग्णांना औषध मिळते, उरलेल्यांना हुबेहूब तशीच, औषध नसलेली गोळी. कोणाला कोणती, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसते. माणूस हवे तेच पाहतो, म्हणून शास्त्राने स्वतःचेच डोळे बांधून घेतले असावेत. मला हे पटते. तरीही रोज सकाळी ती गोळी त्यांच्या तळहातावर ठेवताना माझाच हात जड होतो. आशा धरण्याचाही शीण येतो, हे मला या वयात कळते आहे.

ते दोघे आत गेले. खिडकी रिकामी झाली, तसे यजमान उठले, तिथे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी चष्मा काढला.

"बघ. कमी आहे?"

'हो' अगदी ओठांवर आले होते.

"मला कळत नाही हो," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला नाही. चेहरा तसाच उजेडाकडे ठेवून ते म्हणाले, "अजून जरा बघ."