दोन हातांची कुऱ्हाड

माझ्या योद्ध्याचा पहिला वार राक्षसाच्या खांद्यात गेला, दुसरा गुडघ्यात, तिसरा वाया गेला आणि चौथ्याला कुऱ्हाड मानेत बसली. मुंडकं पायऱ्यांवरून गडगडत खाली गेलं, असं वहिनींनी सांगितलं आणि आम्ही तिघं शाळकरी पोरांसारखे ओरडलो. खाली अंगणात आई शेवंती निवडत होती. तिने वर बघून विचारलं, "काय रं, कोन मेलं?"

शनिवारची दुपार होती. अंबडच्या आमच्या कंपनीला सुट्टी शनिवारी, म्हणून खेळही शनिवारी. मळ्यातल्या घराच्या गच्चीवर पत्र्याची खोली आहे, तिथे आम्ही बसायचो. खेळ समजायला सोपा आहे. प्रत्येकाने कागदावर आपलं एक पात्र बनवायचं. एकजण गोष्ट सांगतो, पुढ्यात कोण आलं ते सांगतो, आणि आपलं पात्र काय करतं ते आपण सांगायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. गोष्ट सांगायचं काम वहिनींचं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर चांदवडचं. पुण्यात इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर त्या हा खेळ शिकल्या आणि लग्नात साड्यांच्या बॅगेतून फाशांची पुरचुंडी घेऊन आल्या. आता घरूनच एका कंपनीचं काम करायच्या आणि उरलेल्या वेळात फुलांचं बघायच्या. बाकीचे दोघे खेळाडू माझ्या कंपनीतले. दाढीवाला तिरंदाज होता. चष्मेवाल्याने जखमा भरणारी एक जोगीण घेतली होती आणि तिच्या तोंडचं बोलताना तो आवाज बारीक करायचा. आम्ही त्याची जाम खेचायचो.

दादाला या खेळाचं काही पडलं नव्हतं. "पत्ते कुटन्यापरीस बरं," म्हणायचा. पहाटे फुलं घेऊन मार्केटला जायचा, नऊ-दहाला परत यायचा. दारू नाही, तंबाखू नाही. फक्त राग. आमच्या घराण्यात राग मोठा, आणि हे आम्ही कौतुकाने सांगतो. आजोबांनी म्हणे स्वतःच्याच बैलाचं शिंग लाकडाने मोडलं होतं. आई हे पाहुण्यांना चहासोबत ऐकवते. माझाही राग तसाच, पण कंपनीत साहेबापुढे गिळावा लागतो, आणि तो गिळलेला राग मी शनिवारी बाहेर काढायचो.

म्हणून मला साधासुधा योद्धा नको होता. पुढ्यात येईल त्याला उभा चिरणारा हवा होता. या खेळात एका पात्राला दोन क्लास देता येतात, म्हणजे दोन वेगळ्या विद्या. मी ठरवलं, आधी फायटर, मग रानटी. फायटरला दम लावून एकाच डावात दोन डावांची मारामारी करता येते. रानट्याला संताप चढतो, आणि तो चढला की त्याचा मार वाढतो आणि अंगावर आलेला मार निम्माच लागतो. दोन्ही एकत्र केलं की समोरचा संपला.

वहिनींनी तीन शनिवार मला हे शिकवलं. "घाई करू नका भाऊजी. पाचव्या लेव्हलपर्यंत नुसते फायटर राहा. डावाला दोन वार तिथे मिळतात. त्याआधी दुसऱ्या विद्येच्या मागे लागलात तर ना इकडचे ना तिकडचे व्हाल. आणि जड चिलखत काढून ठेवा, ते अंगात असलं की संतापाचा उपयोग होत नाही." मी सगळं ऐकलं. एकच ऐकलं नाही. फायटरला सुरुवातीलाच लढायची एक पद्धत निवडावी लागते. वहिनी म्हणाल्या, ढालीची घ्या. शेजारच्या माणसावर वार आला की तुम्ही ढाल मध्ये घालायची, म्हणजे वार करणाऱ्याला फासा दोनदा टाकावा लागतो आणि त्यातला कमी आकडा धरावा लागतो.

"मग मी मारू कधी?"

"मारायला बाकीचे आहेत की."

मी हसलो. नेटवर वाचलं होतं, ढालीची पद्धत भित्र्यांची, त्याने मार वाढत नाही. मी दोन हातांची कुऱ्हाड घेतली. दोन्ही हात अडकले म्हणजे ढालीचा प्रश्नच मिटला. वहिनींनी माझ्या कागदावर तसं लिहिलं.

आता त्या घरात खाली काय चाललं होतं ते सांगतो. सांगायची लाज वाटते.

एका सकाळी मी कंपनीत जायला निघालो होतो. दादा नुकताच मार्केटहून आला होता. त्यांच्या खोलीतून आधी त्याचा आवाज आला, मग सणकन एक आवाज, मग अजून एक. ठिबक सिंचनाची नळी पाठीवर बसली की कसा आवाज होतो ते मला माहीत होतं. वडील आम्हा दोघांना तिनेच मारायचे. वहिनींचा आवाज नव्हता. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं, म्हणजे मला जाता आलं असतं. मी विहिरीवर मोटर चालू करायला गेलो. मोटर चालूच होती. मी तिच्याशेजारी दहा मिनिटं उभा राहिलो आणि मग कामावर गेलो.

मोठा भाऊ बापाच्या जागी, नवराबायकोच्या मध्ये पडू नये, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ते आमच्याकडे हवेतच आहे. आई ओट्यावर बसून लसूण सोलायची आणि नळीचा आवाज आला की रेडिओ मोठा करायची. पुढच्या शनिवारी वहिनी लांब बाह्यांचा ड्रेस घालून वर आल्या. टेकून बसल्या नाहीत. राक्षसांची एक टोळी मात्र त्यांनी अशी जिवंत केली की दाढीवाल्याला घाम फुटला. मी त्या दिवशी अकरा जण कापले. एकाचं पोट फाडलं आणि आतडी हातभर बाहेर आली तेव्हा मला फार बरं वाटलं.

मग तो डाव आला. गुहेच्या तोंडाशी एक अजस्र राक्षस सोटा घेऊन जोगिणीवर धावून गेला. तिचा जीव आधीच खालावलेला. वहिनींनी फासा उचलला आणि टाकायच्या आधी माझ्याकडे बघितलं. "भाऊजी, तुम्ही शेजारीच उभे आहात. मध्ये पडता का?"

"माझ्याकडे ढाल कुठंय? नियमात बसत नाही."

"नियमाचं मी बघते. पडता का, तेवढं सांगा."

मी हिशेब केला. मध्ये पडलो असतो तर माझा पुढचा वार गेला असता, आणि त्या राक्षसाचा जीव मलाच घ्यायचा होता. "नाही," म्हणालो. वहिनींनी फासा टाकला. सोट्याने जोगिणीची कवटी फुटली, मेंदू भिंतीवर उडाला. माझ्या डावात मी त्या राक्षसाचे चार तुकडे केले. कोणी ओरडलं नाही. चष्मेवाला कागदाची घडी करून म्हणाला, "यार, तू एक पाऊल टाकायचं होतंस." मी त्याला वेड्यात काढलं. वहिनी फासे गोळा करत होत्या.

त्यानंतर महिनाभरातच, एका शनिवारी अकराच्या सुमाराला, मी जिन्यावरून उतरत होतो. फुलं बांधायच्या शेडमध्ये दादा होता. गुलाबाच्या दोन बादल्यांत पाणी घालायचं राहिलं होतं, फुलांनी माना टाकल्या होत्या. वहिनींची सकाळी ऑफिसची मीटिंग होती म्हणून राहिलं होतं. दादाच्या हातात नळी होती. वहिनी कोपऱ्यात, दोन्ही हात डोक्यावर घेतलेले. त्यांच्या कानामागून रक्त मानेवर ओघळत होतं. या वेळी मी ते बघत होतो, ऐकत नव्हतो, आणि त्यांनी मला बघताना बघितलं.

मी धावलो. दादा वळला आणि माझा ठोसा त्याच्या नाकावर बसला. हाड मोडल्याचं मुठीला कळलं. तो बादल्यांवर मागे कोसळला, पाणी आणि गुलाब सगळीकडे झाले. मी त्याच्या छातीवर बसलो. त्याने माझा गळा धरायला हात वर केला, तो मी गुडघ्याखाली दाबला आणि मारत राहिलो. डोळ्यावर, तोंडावर, जबड्यावर. एक दात माझ्या बोटात घुसला. त्याचं डोकं धरून हौदाच्या कडेवर आपटलं, परत आपटलं. मी मनात वार मोजत होतो. खरं सांगायचं तर मला आनंद होत होता, आयुष्यात इतका स्वच्छ आनंद मला कधी झाला नव्हता. कोणीतरी माझे केस धरून मागे ओढत होतं, पाठीत बुक्क्या मारत होतं. वहिनी होत्या. "भाऊजी, तो खाली पडलाय! पडलाय ना खाली! सोडा!"

दादाचा जबडा दोन ठिकाणी मोडला. दवाखान्यात तो तारांनी बांधला. डावा डोळा कितपत वाचेल ते डॉक्टर सांगत नव्हते. वहिनींचे वडील त्याच दुपारी गाडी घेऊन आले आणि त्यांना चांदवडला घेऊन गेले. कानामागे चार टाके पडले होते.

तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. मी त्या फोनची वाट बघत होतो. मनात मी त्यांचे आभार आधीच ऐकून ठेवले होते, 'असं काही नाही वहिनी' हे उत्तरही तयार होतं.

त्यांनी विचारलं, "पहिल्या फटक्यात तो पडला होता. नंतरचे कोणासाठी होते?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी पोलिसांत तक्रार दिलीय," त्या म्हणाल्या. "तर तिथले म्हणतात, हे भावाभावांचं भांडण दिसतंय, जमिनीचं असेल. माझे वळ कोणाला दिसत नाहीत, त्याचा जबडा सगळ्यांना दिसतो. एक दिवस मध्ये पडून तुम्ही माझी केसच झाकून टाकलीत. आता एक करा. परवा मी तिथे येतेय. तुम्ही या आणि जे ठाऊक आहे ते सांगा. त्या दिवसाचं नाही, आधीचं. पहिल्यापासून."

"सांगतो," म्हणालो. म्हणालो खरं.

संध्याकाळी आई दवाखान्यातून आली. तिने हातपाय धुतले नाहीत, तशीच माझ्यासमोर बसली. "तो तुझ्यावर केस करनार नाय. त्याला मी लय समजावलं, त्यानं मान हलवली. तू फकस्त येवढंच सांग, का आमच्या दोघांचं भांडन झालं. तिचं नाव काढू नको. ती आता काय परत येती व्हय? भाऊ तं जलमभर हाय."

"आणि वहिनींना मारलं ते?"

"मारलं आसंल. मी नाय पाह्यलं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू तरी पाह्यलं का?"

ती खोटं शिकवत होती असंही नाही. तिने खरंच पाहिलं नव्हतं, तिने रेडिओ मोठा केला होता. माझ्यावर केस झाली तर नोकरी जाणार हे मला स्पष्ट दिसत होतं. दादाचा डोळा गेला तर तुरुंगही दिसत होता. दुसऱ्या दिवशी मी कंपनीत मशीनवर नुसता उभा होतो. तिसऱ्या दिवशी सुट्टी टाकून गेलो.

पोलीस ठाण्यात जबाब घ्यायला एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या. बाहेरच्या बाकावर वहिनी आणि त्यांचे वडील बसले होते. दार उघडंच होतं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी आत जाऊन खुर्चीवर बसलो आणि मारामारीचं सांगू लागलो, तर बाईंनी हात वर केला. "ते आलंय कागदावर. त्याच्या आधी मारहाण होत होती हे तुम्हाला ठाऊक आहे का?"

"आहे."

"कधीपासून?"

"लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून."

"तेव्हा तुम्ही कुठे होता?"

मी सांगितलं. बाई लिहीत गेल्या. दर वेळी तोच प्रश्न, आणि दर वेळी मला जागा आठवावी लागली. आठवत होत्या सगळ्या. मी मोजलं नव्हतं असं इतके दिवस स्वतःला सांगत होतो, ते खोटं होतं. तासाभराने त्यांनी पेन ठेवलं आणि कागद हातात घेऊन मोठ्याने वाचून दाखवलं, तसा नियमच असतो.

"दिवाळीच्या पाडव्याचे दिवशी मी पुढील खोलीत फराळ करीत होतो. आतून मारहाणीचा आवाज आला. मी काहीएक केले नाही. त्यानंतर होळीचे सुमारास मी बाथरूममध्ये दाढी करीत होतो. मी काहीएक केले नाही. त्यानंतर श्रावणात मी अंगणात मोटारसायकल पुशीत होतो. मी काहीएक केले नाही."

असं दोन पानं होतं. बाईंचा आवाज मोठा होता. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बरोबर आहे?"

बाहेरच्या बाकावर कोणी हललं नाही.

"बरोबर आहे," मी म्हणालो आणि दोन्ही पानांवर सही केली.