शेठची आई आणि माळ्यावरचं स्टूल

दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्या पोरींनो, आजचं ऐका.

मी रोह्यात साडीच्या दुकानात कामाला आहे. "गिऱ्हाईकासमोर बसलेलं बरं दिसत नाय," म्हणून शेठनं आमचं एकुलतं एक स्टूल माळ्यावर टाकलं. लग्नसराईत आमच्या पायात गोळे येतात, त्याचं त्याला काय!

आज भर गर्दीत खांब गावाहून त्याची आई आली, गुडघा धरून. "गो, बसायला दे काहीतरी."

मी मुद्दाम मोठ्यानं बोलले, "नाय हो आजी. तुमच्या मुलानंच स्टूल माळ्यावर टाकलंय. बसलेलं बरं दिसत नाय म्हणे."

सगळं दुकान शेठकडे बघायला लागलं. तो स्वतः माळ्यावर चढला, केसांत जळमटं घेऊन स्टुलासकट उतरला. काय गार वाटलं म्हणून सांगू!

निघताना आजींना म्हटलं, "उद्यापण या हो."

तुमच्या शेठची आई कुठे राहते?