आईने निवडलेली सतरंजी

लकव्यानंतर बाबा डावा पाय ओढत चालायचे. गुळगुळीत फरशीवर ते घसरून पडले, म्हणून मी आईला घेऊन वाशीमला गालिचा घ्यायला गेलो. मी एक जाड, मऊ गालिचा पसंत केला. आई चप्पल काढून त्यावर उभी राहिली आणि बाबांसारखाच पाय ओढत चालली. दुकानदार आधी हसला, मग एकेक करून दुसरे नमुने तिच्यापुढे पसरू लागला.

"यात तुह्या बाबाचा पाय अटकते," ती म्हणाली.

तशीच चालून पाहत तिने शेवटी घट्ट विणीची साधी सतरंजी निवडली. ती स्वस्तही होती. घरी आम्ही तिच्या कडा फरशीला चिकटवल्या. बाबा भिंत सोडून हळूहळू दारापर्यंत गेले.

"आता मले कोनी धरू नोका," ते म्हणाले.

आईने पुढे केलेला हात मागे घेतला.