पाय वर, हात आत

“मास्तर, पाय वर. हात आत. सोगा आत. निघू?”

मी ‘हं’ म्हटल्याशिवाय त्याने माझी चाकाची खुर्ची एकदाही हलवली नाही. पाय फळीवर, हात चाकाच्या आऱ्यांपासून लांब, धोतराचा सोगा मांडीखाली; एवढी झडती झाली की मगच चाकाचा खटका सोडायचा. मला घाई असली की मी वैतागायचो. “अरे, कालच तर बसलो होतो याच खुर्चीत!”

“काल बसला व्हता. आज पडाल.”

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. भिवपुरीजवळच्या एका गावात मी शाळामास्तर. तापात दोन्ही पाय लुळे पडले. वीजघराच्या क्वार्टर्समधल्या एका साहेबाच्या आईची जुनी लाकडी खुर्ची मला मिळाली आणि ती ढकलायला कडावचा हा गाडीवान. त्याचा एक बैल मेला होता, दुसरा एकट्याने ओढेना. माझ्या पडवीत राहायचा, रविवारी घरी जायचा. वयाने माझ्याहून चांगला दहा वर्षांनी मोठा, पण मी त्याला अरे-तुरेच करायचो. तेव्हा तशीच रीत होती, आणि आज तिची लाज वाटते.

शाळा टेकाडावर. हेडमास्तरांनी स्पष्ट सांगितलं होतं, “आठ दिवस बघू. जमलं तर ठीक, नाहीतर दुसरा मास्तर मागवावा लागेल.” शिकवणं गेलं तर घरात पडून राहणं, एवढंच माझ्या हाती उरणार होतं.

पहिल्या दिवशी चढण निभावली. संध्याकाळी उताराच्या तोंडाशी मात्र त्याने खुर्ची गर्रकन फिरवली आणि मला पाठमोरा खाली न्यायला लागला. वर सगळी शाळा उभी. पोरं फिदीफिदी हसली. माझ्या अंगाची लाही झाली. उलट्या तोंडाने गाढवावरून काढतात ती धिंड, मास्तरची नव्हे!

“सरळ कर. माझी धिंड काढतोस?”

“मास्तर, उतार हाय...”

“सरळ कर म्हणतो ना!”

त्याने केली. दहा पावलं गेलो असू, पुढचं छोटं चाक दगडाला अडलं आणि मी पुढच्या पुढे निघालो. त्याने दांडा सोडला नाही. मागच्या मागे जमिनीवर बसला, खुर्ची स्वतःच्या अंगावर ओढून घेतली. मी वाचलो. त्याच्या कोपराची सालटी निघाली.

 तो रागावला नाही. धूळ झटकत म्हणाला, “उताराला भरली गाडी बैल मानेवर तोलतात, मास्तर. हितं बैल मीच. तवा मी खालच्या अंगाला पायजे. घसरलात तर माज्या अंगावर याल, दगडावर नाय.”

दुसऱ्या दिवसापासून मी उलटा उतरू लागलो. हसू दोन दिवस टिकलं. मग माझ्या ध्यानात आलं की असं उतरताना वरची पोरं मला दिसतात. मी ओरडायचो, “पावकी!” आणि ती वरून पावकीचा पाढा म्हणायची. माझा वर्ग उताराच्या पायथ्यापर्यंत चालायचा. मागून हा मध्येच दटावायचा, “जोरात म्हना रं, मास्तरला ऐकू येत नाय!” मला चांगलं ऐकू येत होतं. त्यालाच ऐकायची हौस.

आठ दिवसांची आठ वर्षं झाली. त्या आठ वर्षांत मी एकदाही पडलो नाही. हे मी त्याला कधी तोंडाने बोलून दाखवलं नाही, ते आज तुम्हाला सांगतो आहे.

एका सोमवारी तो आलाच नाही. दुपारी निरोप आला. घरी ताप भरला आणि पहाटेच गेला. गाडीत खुर्ची बांधून, गावातली काही जाणती पोरं बरोबर घेऊन मी कडावला पोचलो, तेव्हा त्याला बाहेर काढलं होतं. मसणवट शेतांपलीकडे. वाट कशाची, भाताच्या खाचरांमधले बांध आणि दोन्हीकडे चिखल. मी म्हटलं, “तुम्ही व्हा पुढे. मी इथूनच हात जोडतो.”

त्याचा भाऊ म्हणाला, “नाय मास्तर. तुमाला टाकून त्येला कसा न्यायचा?”

मग त्या बांधांवरून पुढे चौघांनी त्याला नेलं आणि मागे चौघांनी मला, खुर्चीसकट खांद्यावर. त्या आठांतले पाच माझ्या वर्गात शिकलेले होते.