तलवार माशासाठी दोरी

मुलाने अंदमानहून पार्सल पाठवलं, त्यात पारदर्शक नायलॉनची दोन वेटोळी होती, एक जाड आणि एक बारीक. पाहुण्यांना खोल समुद्रात मासे धरायला नेणाऱ्या बोटीवर तो काम करतो. यांची फौजेतली शेवटची पोस्टिंग तिकडेच होती. तलवार मासा धरायला हे तिथेच शिकले आणि मुलाला समुद्राचा नाद लावला तोही यांनीच. थंडी सरली की आम्ही दोघांनी तिकडे जायचं आणि यांनी एक रात्र बोटीवर काढायची, असं बापलेकांचं फोनवर ठरलं होतं.

साखरेच्या आजाराने यांची नजर गेली आहे. उजेड-अंधार कळतो, समोर कुणी उभं आहे एवढं कळतं. समुद्रापासून दूर, थाटीपुरातल्या आमच्या दोन खोल्यांत हे भिंतीला हात लावून चालतात. पण समुद्राचं नाव निघालं की आवाज बदलायचा. म्हणायचे, "तलवार मासा रात्रीच वर येतो. तिथे डोळेवाल्यालाही काही दिसत नाही. सगळे माझ्या बरोबरीचे." त्या एका रात्रीच्या आशेवर हे सकाळी अंथरुणातून उठत होते, मला दिसत होतं.

गळ आणि मुख्य दोरी यांच्यामध्ये जो मजबूत तुकडा असतो, त्याला लीडर म्हणतात. माशाची तलवार घासते ती त्याच्यावर. मासा बोटीशी आला की कुणीतरी लीडर हाताने धरून त्याला जवळ ओढायचं असतं. यांना तेच करायचं होतं. रॉड मुलाने धरावा, लीडर यांच्या हातात असावा. म्हणून तो घरून तयार करूनच न्यायचा, दुसऱ्या कुणी केलेला चालणार नाही, असा हट्ट होता.

आम्ही दुपारी गच्चीवर उन्हात बसायचो. थंडीत नायलॉन ताठ राहतं, वेटोळं सोडत नाही. उन्हात जरा नरमतं. शेजारच्या गच्चीवरून वहिनींनी विचारलं, "भाईसाहब, पतंग की डोर है क्या? बड़ी मोटी है!"

"मछली की है, भाभी."

"थाटीपुर में मछली?"

"आ जाएगी. पहले नल में पानी तो आने दो."

त्या किती वेळ हसत होत्या. मी खाली मान घालून दोरी सोडवत राहिले. मला चारचौघांत बोलता येत नाही, पण त्या दिवशी मलाही हसू आलं.

जाड की बारीक, हे मात्र ठरत नव्हतं. जाड दोरी घासून लवकर तुटत नाही. पण त्या माशाचे डोळे बशीएवढे असतात आणि आमिषाजवळ छोटा दिवा बांधलेला असतो. त्या उजेडात जाड दोरी दिसली तर तो तोंड लावत नाही. बारीक असेल तर फसतो, पण मग झटापटीत तुटायची भीती. हे सकाळी जाड म्हणायचे, जेवताना बारीक म्हणायचे. शेवटी बारीकवर आले. "आधी यायला तर हवा. आला की हातात घेऊन सांभाळीन मी."

मग दोरी तपासायची. चिमटीतून थोडी थोडी सरकवत न्यायची. कुठे ओरखडा लागला तर तेवढा भाग कापून टाकायचा, कारण जोर आला की दोरी तिथेच तुटते. हे चाचपून पुढे सरकवायचे आणि मी पुठ्ठ्यावर गुंडाळायची. "साफ आहे," म्हणून यांनी पुढे केलेल्या दोरीत माझं नख अडकलं. मला वाटलं, बोलण्याच्या नादात ओरखडा राहिला असेल. थोड्या वेळाने पुन्हा अडकलं.

नायलॉन तिरकं कापलं की टोक सुईसारखं होतं. दोरीवर लाल दिसलं म्हणून मी वर पाहिलं. ते टोक यांच्या बोटात रुतलं होतं आणि हे मला आमिषाला बांगडा कसा शिवतात ते सांगत होते.

"अहो, हात बघू."

"का?"

"रक्त आलंय."

यांनी दोन्ही हात पुढे केले. मग म्हणाले, "कुठल्या हाताला?"

मी पदराने बोट दाबून धरलं. पायांना लागलेलं कळत नाही, हे माहीत होतं. मुरारच्या डॉक्टरांनी घरातही चप्पल घालायला सांगितली होती. हातांचं यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

"कधीपासून?"

"दिवाळीत पणती लावली ना, तेव्हा. आधी वास आला. मग कळलं, आपलंच बोट आहे."

वहिनींच्या गच्चीवर कुणीतरी गाद्या झोडत होतं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. मी स्पीकर लावून मधे ठेवला.

"हां बाबा, फाइनल काय झालं? दोघांची तिकिटं बघू ना?"

मला माहीत होतं, मी गप्प राहिले असते तर हे गेले असते. आणि अंधारात दोरी मनगटाला आवळली असती तरी यांना कळलं नसतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात हेच म्हणाले, "जाड घे."

"पण तुम्ही तर बारीक बोलत होते."

"मी धरणार होतो तेव्हा बारीक. तू धरणार, तर जाडच. हातमोजे घालायचे. मनगटाला वेढा पडू द्यायचा नाही."

"म्हणजे? तुम्ही येत नाहीये?"

"तुझ्या आईला बोट लागते, आणि तिच्याशिवाय मी बोटीवर कसा चढू?"

"आई?"

मी आजवर बोटीत पाय ठेवलेला नाही. "हो रे," मी म्हटलं, "मला नाही झेपणार."

"काय यार, आई," तो म्हणाला. रागावला होता. माझ्यावर रागावला हे बरं झालं.

फोन बंद झाल्यावर यांनी जाड वेटोळं चाचपून माझ्या मांडीवर ठेवलं. "तू बघ."

मी दिव्याखाली बसून सगळी दोरी चिमटीतून नेली. हे समोर बसून ती सरकल्याचा आवाज ऐकत होते. संपल्यावर मी सांगितलं, कुठे काही नाही.

"त्याच्या हातात जायची आहे," हे म्हणाले. "परत एकदा बघ."

मी पहिल्या टोकापासून परत सुरुवात केली.