दोन पाकिटं, एकच गोळी

माझी आत्या सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहायचं आणि ते इथे स्वस्तात द्यायचं, असा नियम आला तेव्हा लोकांची बोलणी तिनेच खाल्ली. "स्वस्त आहे म्हणजे भेसळ असणार. आणि ही पांढरीफटक गोळी, हिचा काय गुण येणार?"

"मीठही पांढरंच असतं," आत्या म्हणायची आणि पुढच्याला हाक मारायची.

नियम खरं तर चांगला होता. अर्धा महिना गोळ्या आणि अर्धा महिना देवाचं नाव घेणारी माणसं आता महिनाभर गोळ्या घेऊ लागली होती.

एके सकाळी मी तिथे असताना शिंपीकाकांची बायको खिडकीशी आली. "ताई, तुमच्या गोळीने यांना चक्कर येते. काल मशीनवर पडता पडता वाचले. आम्ही पोटाला चिमटा काढू, पण जुनीच घेऊ."

हे ऐकून मागचे दोघे रांगेतून निघून गेले. आत्याचा चेहरा उतरला. असे एकेक जण गेले, तर खिडकी उघडी ठेवून उपयोग काय?

दुपारी रक्तदाबाचं यंत्र घेऊन ती थेट शिंप्याच्या घरी गेली, मला ओढत.

"काका, रोज काय घेता ते दाखवा बरं."

काकांनी मशीनच्या खणातून दोन पाकिटं काढली, एक गुलाबी, एक पांढरं. "ही रक्तदाबाची. आणि ही सरकारी."

"दोन्ही घेता?"

"मग? जुनी उरलीय, ती काय फेकून देऊ?"

"अहो, औषध एकच आहे. शर्टावर शर्ट चढवून उकडतंय म्हणताय."

काकू तोंड फिरवून हसल्या. काका हसले नाहीत. "हे सांगायचं कोणी?"

"मी," आत्या म्हणाली. "नाही सांगितलं. चुकलंच माझं."

तिने रक्तदाब मोजला. बराच खाली होता. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, आणि त्यांच्या सांगण्यावरून गुलाबी गोळी बंद झाली.

आता जुनं पाकीट दाखवल्याशिवाय ती नवं देत नाही. दोन्ही शेजारी धरून "हे बंद, हे सुरू" असं समोरच्याकडून वदवून घेते. रांग लांबते, साहेब कुरकुरतात, आत्या ऐकून न ऐकल्यासारखं करते.

पुढच्या महिन्यात शिंपीकाका स्वतः रांगेत होते. मागच्याने हळूच विचारलं, "ही पांढरी लागू पडते का हो?"

"पडते," काका म्हणाले. "फक्त एकटीच घ्या."